मोटू, पतलू, चिंगम, झटका... सगळ्यांचा गळा एकच! कार्टूनमधून हसवणाऱ्या आवाजांची नावं आपल्याला माहीत का नसतात?

उन्हाळ्याच्या सुट्टीत जाफराबाद तालुक्यातल्या कोणत्याही गावात दुपारी चक्कर मारा. बाहेर ऊन रणरणत असतं. लाइट असेल तर घरात टीव्ही चालू असतो, लाइट गेली असेल तर आजोबांचा मोबाइल पोरांच्या हातात असतो. दोन्हीकडून आवाज मात्र एकच येतो, "खाली पेट मेरे दिमाग की बत्ती नहीं जलती!"

घरात मराठी, शाळेत मराठी, गल्लीत मराठी आणि उर्दूची सरमिसळ. तरी पाच वर्षांचं पोरगं गोट्यांवरून भांडायला लागलं की धमकी हिंदीत देतं, आणि तीसुद्धा दाक्षिणात्य ठसक्याच्या हिंदीत. ते हिंदी त्याला कुणी शिकवलेलं नसतं, ते इन्स्पेक्टर चिंगमकडून आलेलं असतं.

आता त्या पोराला विचारा, हा आवाज कुणाचा? ते म्हणेल, चिंगमचा. पाच वर्षांच्या पोराने असं उत्तर दिलं तर ठीक आहे. पण आपण पंचविशीतले लोक, दिवसाला शंभर रील्स बघणारे, आपलंही उत्तर तेच असतं.

खरं उत्तर आहे सौरव चक्रवर्ती. आणि त्यांनी एकट्या चिंगमलाच आवाज दिलाय असं नाही. मोटूही तेच, पतलूही तेच. डॉक्टर झटका, घसीटाराम, जॉन अशी फुरफुरीनगरातली कितीतरी मंडळी याच एका गळ्यातून बोलली आहेत. म्हणजे मोटू पतलूवर चिडतो, पतलू त्याची समजूत घालतो, तेवढ्यात झटका आपलं नवं यंत्र घेऊन येतो आणि चिंगम सगळ्यांना आत टाकायची धमकी देतो, तेव्हा प्रत्यक्षात एक माणूस स्वतःशीच भांडत असतो.

मराठवाड्याला हे नवीन नाही

'एका माणसाने इतके आवाज काढायचे म्हणजे केवढं!' असं वाटत असेल तर आपल्याच भागातलं एक उदाहरण आठवा. प्रा. लक्ष्मण देशपांडे. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा हा माणूस 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात तब्बल ५२ पात्रं उभी करायचा. नवरदेव, नवरी, म्हातारी, गावातले टगे, विमानातली मंडळी, सगळे एकटेच. या प्रयोगाची नोंद गिनीज बुकातही झाली. २००९ साली देशपांडे गेले आणि पुढे मराठवाड्याच्याच संदीप पाठकने तो प्रयोग हाती घेतला.

देशपांडेंकडे रंगमंचावर चेहरा होता, हात होते, समोर हसणारे प्रेक्षक होते. कार्टूनला आवाज देणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. एक बंद खोली, एक माइक, कानाला हेडफोन आणि काचेपलीकडे बसलेला रेकॉर्डिस्ट. विनोद जमला की नाही हे सांगायला हशा नाही. जे काही करायचं ते गळ्याने.

अशा आवाजाची एक जुनी आठवण प्रत्येक मराठी घरात आहे. 'झपाटलेला' (१९९३) मधला तात्या विंचू. बाहुला रामदास पाध्येंनी घडवलेला, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. प्लॅस्टिकच्या चेहऱ्यावर भाव ते किती असणार! तरी आपण घाबरलो आणि हसलोही, ते त्या घोगऱ्या आवाजामुळे. चित्र हलतं, पण जिवंत होतं ते आवाजाने.

बूथमध्ये नेमकं काय चालतं?

सगळ्यांना वाटतं की मिमिक्री येत असली की हे काम जमतं. मिमिक्री हा फक्त प्रवेश आहे. नक्कल करणाऱ्याला चार वाक्यं जमली तरी टाळ्या मिळतात. कार्टूनच्या कलाकाराला तोच आवाज वर्षानुवर्षं, शेकडो भागांत, सर्दी झालेली असताना आणि नसताना, जसाच्या तसा काढावा लागतो. आणि त्या आवाजात नुसतं बोलायचं नसतं. रडायचं, गुणगुणायचं, तोंडात समोसा कोंबून बोलायचं, गच्चीवरून पडताना ओरडायचं, हे सगळं त्याच पात्राच्या गळ्याने करायचं.

त्यामुळे कलाकार प्रत्येक पात्राला शरीरात एक जागा ठरवून देतात. एखादा आवाज नाकातून, एखादा छातीतून, एखादा घशाच्या अगदी वरच्या टोकातून. एक पात्र ओठ ताणून बोलतं, दुसरं गाल फुगवून. त्यात प्रत्येकाची लय वेगळी. मोटू उतावळा, त्याचं वाक्य धावत सुटतं. पतलू शहाणा, तो शब्द मोजून टाकतो. झटकाच्या बोलण्यात पंजाबी हेल, तर घसीटारामला कुठल्याही कामाचा 'बीस साल का तजुर्बा' असतो. डोळे मिटून ऐकलं तरी कोण बोलतंय ते कळलं पाहिजे, ही परीक्षा.

एकाच कलाकाराची दोन पात्रं समोरासमोर असली की अनेकदा आधी एका पात्राची सगळी वाक्यं रेकॉर्ड होतात, मग दुसऱ्याची. म्हणजे मोटूने चिडून जे म्हटलं त्याला पतलूचं उत्तर बऱ्याच वेळाने येतं. भांडणाचा सूर मात्र तुटता कामा नये. सगळ्यात जास्त घसा लागतो तो संवादांना नाही, किंकाळ्यांना. धावणं, आपटणं, शॉक बसणं, पाण्यात बुडणं. स्क्रिप्टमध्ये एका ओळीत 'मोटू ओरडतो' एवढंच लिहिलेलं असतं, आणि त्या एका ओळीने दिवसभराचा आवाज बसू शकतो. म्हणून शहाणे दिग्दर्शक किंकाळ्या शेवटी ठेवतात.

इथे एक फरक समजून घेऊ. मोटू-पतलू ही मुळात हिंदीतच बनलेली मालिका. दिल्लीच्या 'लोटपोट' या बालपत्रिकेतली ही पात्रं १६ ऑक्टोबर २०१२ रोजी निकलोडियनवर आली. मालिका मुंबईच्या कॉसमॉस-माया स्टुडिओची, दिग्दर्शक सुहास कदव. अशा मूळ मालिकेत पात्राचा स्वभाव घडवण्यात आवाजाचा मोठा वाटा असतो. डबिंगमध्ये मात्र उलटं. चित्र आधीच तयार, पात्राचं तोंड आधीच हललेलं. जपानी वाक्य जेवढ्या वेळात संपलं तेवढ्याच वेळात हिंदी वाक्य संपवायचं. पात्राचे ओठ मिटले तिथे प, ब, म असं ओठ मिटणारं अक्षर आलं पाहिजे, नाहीतर बघणाऱ्याला कुठेतरी खटकतं. त्या चौकटीत राहून विनोदही झाला पाहिजे. जपानी कोटी हिंदीत जात नाही, म्हणून तिथे नवीनच कोटी रचावी लागते.

आणि कधी कधी चौकटच नसते. 'ऑगी अँड द कॉक्रोचेस' आठवतंय? फ्रान्समधल्या झिलाम स्टुडिओची ही मालिका मुळात मुकी आहे. मांजर आणि तीन झुरळं एकमेकांना बदडतात, संवाद शून्य. भारतात मात्र त्यावर हिंदी बडबड चढवली गेली. ऑगी शाहरुख खानसारखा बोलायला लागला आणि त्याचा भाऊ जॅक सनी देओलसारखा. मूळ कलाकृतीचा हा अपमान आहे असं म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण इथल्या एका पिढीला ऑगी आवडला तो त्या बडबडीमुळेच. जिथे एक शब्द नव्हता तिथे आवाजाच्या कलाकारांनी अख्खा विनोद उभा केला, आणि श्रेय मिळालं शाहरुखच्या नकलेला.

निंजा हातोडी आणि मराठी गळे

आता थोडं आपल्या माणसांबद्दल. हिंदीतला निंजा हातोडी बोलतो तो मेघना एरंडे यांच्या आवाजात. मुंबईच्या, मराठी. 'नॉडी'चा हिंदी आवाजही त्यांचाच. हातोडी मुलगा आहे, मग आवाज बाईचा का? कारण साधं आहे. खऱ्या मुलाला घेतलं तर दोन-तीन वर्षांत त्याचा आवाज फुटतो आणि मालिका अडचणीत येते. बाईचा आवाज वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो. हिंदी 'डोरेमॉन' आणि 'छोटा भीम' यांच्यामागेही सोनल कौशल हा एका बाईचाच आवाज आहे. अमेरिकेत 'द सिम्पसन्स'मधल्या बार्ट या वात्रट पोराला नॅन्सी कार्टराइट १९८७ पासून आवाज देतायत.

संकेत म्हात्रे हे दुसरं मराठी नाव. 'बेन टेन'च्या हिंदी मालिकांत बेन, आणि २०१६ च्या हिंदी 'डेडपूल'मध्ये अखंड बडबड करणारा डेडपूल, दोन्ही त्यांचेच. श्रेयस तळपदेला तर सगळे ओळखतात, पण २०१९ च्या हिंदी 'लायन किंग'मधला टिमॉन तो होता हे किती जणांना आठवतं? दूरदर्शनच्या काळात मागे गेलात तर हिंदी 'जंगल बुक'मधला शेरखान सापडेल. तो आवाज नाना पाटेकरांचा.

बघा, यादी करायला गेलं की मराठी नावं भराभर येतात. पण कामं सगळी हिंदीतली. असं का?

यात एक टीव्हीचं गणित आहे. जाहिरातदार आणि वाहिन्या देशाची जी विभागणी करतात, त्यात 'हिंदी स्पीकिंग मार्केट' नावाचा एक मोठा गठ्ठा असतो. दक्षिणेची राज्यं सोडली तर जवळपास सगळा देश त्यात येतो, आणि महाराष्ट्रही. म्हणजे जाफराबादच्या पोराची मातृभाषा काहीही असो, हिशोबात तो हिंदी प्रेक्षक. तो हिंदी कार्टून बघतोच आहे, मग मराठीवर वेगळा खर्च कशाला?

तिकडे दक्षिणेत सन नेटवर्कने मुलांसाठी तमिळमध्ये चुट्टी टीव्ही, तेलुगूत कुशी टीव्ही, कन्नडमध्ये चिंटू टीव्ही आणि मल्याळममध्ये कोचू टीव्ही अशी चार स्वतंत्र वाहिन्या चालवल्या. प्रत्येक वाहिनी म्हणजे त्या भाषेतल्या आवाजांना, लेखकांना, रेकॉर्डिस्टना रोजचं काम. मराठीत मुलांसाठी अशी स्वतंत्र वाहिनी रुजलीच नाही. काही वाहिन्यांनी मराठी ऑडिओ ट्रॅक दिले, हे चांगलं झालं. पण सेट टॉप बॉक्सवर भाषा बदलायचं बटण कुठे असतं हे घरात कुणाला माहीत असतं? ट्रॅक असतो आणि पोरगं हिंदीच ऐकत बसतं.

मुलांनी हिंदी शिकू नये असं अजिबात म्हणायचं नाही. शिकू द्या, चार भाषा शिकू द्या. प्रश्न असा आहे की खळखळून हसायची भाषा पाचव्या वर्षीच दुसरी झाली, तर मराठीत विनोद लिहिणाऱ्याला आणि बोलणाऱ्याला पुढे काम कोण देणार?

पगारवाढ नको, नाव घे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नाव माहीत नसतं म्हणजे नेमकं काय बिघडतं? हे समजायला ऐंशी वर्षं मागे, हॉलीवूडला जावं लागेल.

मेल ब्लँक. जन्म १९०८. बग्ज बनी, डॅफी डक, पोर्की पिग, ट्वीटी, सिल्व्हेस्टर या सगळ्यांचा आवाज. लोक त्याला 'हजार आवाजांचा माणूस' म्हणायचे. १९४० च्या दशकात तो वॉर्नर ब्रदर्ससाठी कार्टून बनवणाऱ्या लिऑन श्लेसिंगरकडे काम करत होता. तोवर कार्टूनमध्ये आवाजाच्या कलाकाराचं नाव द्यायची पद्धतच नव्हती. ब्लँकने पगारवाढ मागितली. श्लेसिंगर पैशाच्या बाबतीत चिकट, तो नाही म्हणाला. मग ब्लँकने, पैसे नाही तर निदान पडद्यावर नाव तरी दे, असा सौदा केला. श्लेसिंगरला वाटलं, नावाला काय पैसे पडतात? दिलं.

१९४४ च्या सुमारास पडद्यावर ब्लँकचं नाव झळकायला लागलं आणि रेडिओवरची कामं त्याच्याकडे धावत आली. दोन वर्षांत त्याच्या नावाचा स्वतंत्र रेडिओ शो सुरू झाला. नाकारलेली पगारवाढ नावाने अशी वसूल करून दिली.

याच गोष्टीची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. ब्लँकच्या करारामुळे वर्षानुवर्षं नाव फक्त त्याचंच यायचं. बग्ज बनीच्या मागे बंदूक घेऊन फिरणारा एल्मर फड आर्थर ब्रायन नावाच्या कलाकाराचा होता. त्याचं नाव नाही. बायकांचे आवाज काढणाऱ्या कलावतींची नावं नाहीत. लोकांना वाटायचं सगळे आवाज ब्लँकचेच. एकाच्या नावाखाली बाकीचे झाकले गेले.

टीव्हीचा जमाना आला तेव्हा ब्लँक 'द फ्लिन्टस्टोन्स'मध्ये बार्नी झाला. मालिका सुरू होऊन काही महिने होतात न होतात तोच, २४ जानेवारी १९६१ ला लॉस एंजेलिसमध्ये त्याच्या गाडीला भीषण अपघात झाला. तो दोन आठवड्यांहून जास्त काळ कोमात. हाक मारली तरी उत्तर नाही. शेवटी एका डॉक्टरने विचारलं, "बग्ज बनी, आज कसं वाटतंय?" आणि ब्लँकने क्षीण आवाजात, बग्ज बनी होऊन उत्तर दिलं. हा किस्सा ब्लँक स्वतःच पुढे आयुष्यभर सांगत राहिला, त्यामुळे त्यात थोडं मीठमसाला असेलही. पण पुढचं नक्की आहे. मधल्या काही भागांत डॉज बटलर या दुसऱ्या कलाकाराने बार्नीचं काम सांभाळलं आणि मग ब्लँकने अंगभर प्लास्टर असताना अंथरुणावर पडूनच रेकॉर्डिंग केलं. माइक त्याच्या तोंडाजवळ टांगला होता. १९८९ मध्ये तो गेला. त्याच्या थडग्यावर कार्टूनच्या शेवटी पोर्की जे म्हणायचा तेच वाक्य कोरलंय.

नाव झालं की बोलणीही वेगळी होतात. १९९८ मध्ये 'सिम्पसन्स'च्या सहा मुख्य कलाकारांनी मानधनावरून ताणून धरलं. फॉक्सने नवीन कलाकार घेण्याची धमकी दिली. पण प्रेक्षकांना होमरचा दुसरा आवाज चालणार नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. एका भागाचे ३० हजार डॉलर होते, ते १ लाख २५ हजारांवर गेले.

जपानमध्ये तर आवाजाचे कलाकार स्टार असतात. १९७९ ते २००५ अशी २६ वर्षं डोरेमॉनचा आवाज असलेल्या नोबुयो ओयामा २०२४ मध्ये गेल्या, तेव्हा तिकडे मोठ्या नटीसारखी ती बातमी झाली. आपल्याकडे हीच कार्टून्स, हीच पात्रं, तेवढंच वेड. पण भाग संपला की नावांची पाटी पळवली जाते आणि लगेच पुढची जाहिरात.

नाव नाही तर कायद्यातही कुणी नाही?

इथे गोष्ट जरा कायद्याची होते, पण वाचा, कारण खरी मेख इथेच आहे.

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. गाणाऱ्या, बोलणाऱ्या, अभिनय करणाऱ्या 'परफॉर्मर'ला म्हणजे सादरकर्त्याला जास्त हक्क मिळाले. आपल्या सादरीकरणाचा पैशासाठी वापर झाला तर रॉयल्टीचा हक्क, सादरकर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क, आणि नाव बदनाम होईल अशा पद्धतीने आपल्या कामाची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा हक्क.

पण त्याच दुरुस्तीत सादरकर्त्याच्या व्याख्येला एक शेपूट जोडलं गेलं. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे, आणि व्यवसायाच्या नेहमीच्या प्रथेनुसार ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच दिलं जात नाही, त्याला सादरकर्ता मानायचं नाही. त्याच्याकडे उरतो फक्त मोडतोडीविरुद्धचा हक्क. आणि कायद्याच्या भाषेत 'चित्रपट' म्हणजे फक्त थिएटरमधला सिनेमा नाही, कुठलंही दृश्य चित्रण त्यात येतं.

दोन्ही अटी एकत्र लागू व्हाव्या लागतात, हे लक्षात घ्या. मोटूचा आवाज किरकोळ आहे असं कुणी म्हणू शकणार नाही. पण एका भागात फळवाला, दुसऱ्यात पोस्टमन, तिसऱ्यात गर्दीतले चार लोक असे आवाज देणारे कलाकार आहेत, आणि डबिंगचा मोठा भाग त्यांच्या जिवावर चालतो. त्यांचं काय? प्रथा अशी की नाव द्यायचं नाही. आणि नाव दिलं जात नाही या प्रथेचाच आधार घेऊन हक्क नाकारता येतो. आधी नाव द्यायचं नाही आणि मग नाव नाही म्हणून हक्क नाही! त्यात व्यवहार बहुतेक वेळा एकरकमी. रेकॉर्डिंग झालं, पैसे मिळाले, संपलं. तोच भाग पुढे कितीही वेळा लागो, यूट्यूबवर कितीही चालो.

हे जुनं दुखणं होतं. आता त्यात एआय आलंय.

कोणत्याही माणसाच्या आवाजाचे थोडे नमुने दिले की सॉफ्टवेअर त्या आवाजात हवं ते बोलून दाखवतं. ज्या कलाकाराने शेकडो भाग रेकॉर्ड केलेत, त्याच्या आवाजाचे स्वच्छ, आवाज-पार्श्वसंगीत वेगळं केलेले तासन्तास नमुने स्टुडिओकडे आयतेच पडलेले असतात. कुणाला क्लोन करायचाच असेल तर यापेक्षा चांगला माल कुठे मिळणार?

न्यायालयांनी काही दरवाजे उघडलेत. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूरच्या आवाजाला आणि प्रतिमेला संरक्षण दिलं, त्यात त्याचा 'झकास'ही आला. (आपला अस्सल मराठी शब्द, पण तो मुद्दा पुन्हा कधीतरी.) जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंगच्या आवाजाचं एआय क्लोनिंग करणाऱ्यांना रोखलं. २०२५ मध्ये याच न्यायालयाने आशा भोसलेंनाही असंच संरक्षण दिलं.

ही तिन्ही नावं पुन्हा वाचा. तिघेही जगप्रसिद्ध. या खटल्यांत पहिला प्रश्न असतो की हा आवाज लोक या माणसाचा म्हणून ओळखतात का? आशाताईंना ते सिद्ध करायला एक मिनिट लागणार नाही. कार्टूनच्या कलाकाराचा आवाज आशाताईंइतकाच घराघरांत पोहोचलेला असतो, पण लोक तो ओळखतात मोटूचा म्हणून. माणसाचा म्हणून नाही. आणि मोटू हे पात्र कंपनीच्या मालकीचं.

अमेरिकेत कलाकारांची संघटना मजबूत आहे. तिथे व्हिडिओ गेमच्या आवाजाच्या कलाकारांनी एआयच्याच मुद्द्यावर जुलै २०२४ पासून जवळपास वर्षभर संप केला. आपल्याकडे असोसिएशन ऑफ व्हॉइस आर्टिस्ट्स ऑफ इंडिया ही संघटना आहे, पण एका गावाहून आलेला नवखा कलाकार पहिलं काम मिळाल्याच्या आनंदात समोर आलेल्या कागदावर सही करतो, तेव्हा त्याच्याबरोबर कुणी नसतं.

'माझी बोली गावठी आहे, मला जमेल का?'

जाफराबाद, भोकरदन, देऊळगाव राजाकडची पोरं व्हॉइस ओव्हरचं नाव काढलं की आधी हाच प्रश्न विचारतात. बातम्या वाचायच्या असतील तर प्रमाण उच्चार लागतातच. पण विनोदी आवाजाच्या कामात बोली हे भांडवल आहे. मकरंद अनासपुरेंनी मराठवाडी बोली बदलली असती तर ते मकरंद अनासपुरे झाले असते का? आणि जाफराबाद तर असं ठिकाण आहे की तालुक्याची हद्द ओलांडली की बुलढाणा, म्हणजे विदर्भ. मराठवाडी आणि वऱ्हाडी दोन्ही कानावर पडत मोठं झालेल्या पोराकडे जो कान असतो, तो मुंबईच्या क्लासमध्ये फी भरून मिळत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. बोलीवर हसवणं आणि बोलणाऱ्यावर हसवणं यात फरक आहे. 'सिम्पसन्स'मधला भारतीय दुकानदार अपू आठवा. हँक अझारिया हा गोरा अमेरिकन नट त्याला वर्षानुवर्षं आवाज द्यायचा, आणि अमेरिकेतल्या भारतीय पोरांना शाळेत त्याच ढंगात चिडवलं जायचं. जानेवारी २०१६ च्या एका भागात उत्कर्ष आंबुडकर या भारतीय वंशाच्या नटाने अपूच्या पुतण्याला आवाज दिला, आणि तो पुतण्या काकाला तोंडावर सांगतो की तू एक साचा आहेस. २०१७ मध्ये हरी कोंडाबोलू या विनोदवीराचा या विषयावर माहितीपट आला. शेवटी २०२० मध्ये अझारियाने अपूचं काम सोडलं आणि पुढच्या वर्षी माफीही मागितली. आता हाच आरसा आपल्याकडे वळवा. चिंगमच्या दाक्षिणात्य हिंदीवर आपण हसतो, आणि हिंदी मालिकेत मोलकरीण मराठी हेलात बोलली की आपल्याला राग येतो. दोन्ही एकाच दुकानातला माल आहे.

सुरुवात करायची असेल तर घरचा मोबाइल आणि गोधडीखालची शांतता एवढं पुरतं. दीड-दोन मिनिटांचा नमुना तयार करा. त्यात दहा आवाज कोंबू नका. तीन-चारच, पण एकमेकांपासून पूर्ण वेगळे आणि शेवटपर्यंत टिकणारे. शाहरुख, नाना, अमिताभ यांची नक्कल टाकू नका, ती सगळेच टाकतात. तुमच्या गल्लीतली म्हातारी, बाजारातला बैलांचा दलाल, बसमधला कंडक्टर टाका. 'आधी पैसे भरा, मग कार्टूनला आवाज द्यायला मिळेल' असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

आणि काम मिळालंच, तर सही करायच्या आधी कागदावर तीन गोष्टी शोधा. नाव कुठे आणि कसं येणार. हे रेकॉर्डिंग कुठे कुठे वापरलं जाणार: फक्त टीव्ही, की ओटीटी, यूट्यूब, खेळणी, जाहिरातीसुद्धा. आणि 'आता अस्तित्वात असलेल्या किंवा भविष्यात येणाऱ्या कोणत्याही तंत्रज्ञानासाठी' अशा अर्थाचं एखादं लांबलचक वाक्य आहे का. असेल, तर आवाजाची प्रतिकृती बनवायला किंवा एआयला शिकवायला हे रेकॉर्डिंग वापरलं जाणार नाही, अशी एक ओळ त्याखाली लिहून मागा. समोरचा कदाचित नाही म्हणेल. पण निदान आपण काय विकतोय ते सही करताना माहीत असेल.